साहेब आले की काटा पळतो

ऐन गाळप हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत नेली, ती मी. संप नव्हता, पाऊस नव्हता, काटाही बिघडलेला नव्हता. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मी एक ओळ घातली होती आणि तिच्यामागोमाग दुसरी घालावी लागते हे मला ठाऊक नव्हतं. त्या रांगेत माझा सख्खा मामा होता.

कारखाना कुठला ते सांगत नाही. कोल्हापूरहून स्कूटरनं जाण्यासारखा, एवढं पुरे. अजून त्या रस्त्यानं बसनं जायची वेळ आली की धुराडं दिसायला लागल्यापासून मी पेपर उघडून बसतो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. त्याआधीची काही वर्षं मी राजारामपुरीत कम्प्युटरचा क्लास चालवत होतो. नव्वदच्या दशकात आमच्याकडं असे क्लास गल्लोगल्ली निघाले. विद्यार्थ्यांपेक्षा एक धडा पुढं असला की माणूस 'सर' व्हायचा. मी कधीकधी अर्धाच धडा पुढं असायचो, पण आवाज मोठा होता. मामा त्या कारखान्याचा सभासद. एकदा एमडी साहेबांसमोर तो बोलून गेला, "आमचा भाचा कम्प्युटरमधला किडा हाय. त्येला बोलवा की!" साहेबांनी बोलावलं. मला काम मिळालं ते या एका वाक्यावर, माझ्या हुशारीवर नव्हे.

काट्याचं काम असं असतं. उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, भरलेलं वजन होतं. मग तो गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या तोंडाशी, ऊस ओततो, रिकामा होऊन परत काट्यावर येतो, रिकामं वजन होतं. एकातून दुसरं वजा केलं की ऊस किती ते कळतं. पूर्वी हे सगळं हातानं लिहीत. मी काट्याच्या खोल्यांत एकेक मशीन बसवलं आणि ऑफिसात सर्व्हर ठेवला, म्हणजे सगळी माहिती ज्याच्या पोटात जाते तो मोठा कम्प्युटर. त्यावर सगळ्या नोंदी सांभाळणारा, फुकट मिळणारा एक डेटाबेस टाकला. प्रोग्राम मीच लिहिला.

कुठल्याशा पुस्तकात मी वाचलं होतं की डेटाबेसशी जोडणी करावी, हवं ते विचारावं आणि लगेच जोडणी तोडावी. मला ते फार पटलं. त्यामुळं माझा प्रोग्राम सभासदाचा नंबर तपासायला एकदा जोडणी करायचा, ट्रॅक्टरचा नंबर बघायला पुन्हा, वजन लिहायला पुन्हा, आणि चिठ्ठी छापायला आणखी एकदा. शेजारी वाटी घेऊन साखर मागायला जावं, घरी यावं, मग चहापावडर मागायला जावं, मग दूध मागायला, तसा. पण डेटाबेस तडफदार होता. दार वाजवलं की उघडायचा. हंगामाच्या सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं आणि कारखान्यात माझी पत वाढली. कँटीनमध्ये मला न सांगता चहा यायला लागला.

दिवाळी झाली आणि साहेबांना ईमेल पाहिजे झाला. दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याच्या साहेबांकडं तो होता म्हणे. मी साहेबांच्या खोलीत मोडेम बसवला. टेलिफोनच्या तारेवर तो कोंबड्यासारखा आरवायचा आणि जगाशी संबंध जोडायचा. साहेब मेल बघायचे तेवढ्यापुरती लाईन चालू, मग बंद. काम केलंच आहे तर पूर्ण करावं म्हणून मी सर्व्हरलाही त्या रस्त्यानं बाहेर जायची वाट दिली, आणि दुसऱ्या कम्प्युटरांची नावं विचारायची झाली तर बाहेरच्या कुठल्या मशीनला विचारायची, तो पत्ता त्याच्या सेटिंगमध्ये लिहून टाकला. सर्व्हरला कुणाचं नाव विचारायची गरज काय पडणार होती, हा प्रश्न मला पडला नाही. जागा रिकामी दिसली, भरली.

दुसऱ्या दिवसापासून काटा रेंगाळायला लागला. कारकुनानं बटण दाबलं की पडदा नुसता बघत बसायचा. काट्यावर एक ज्येष्ठ कारकून होता, तोंडाचा फटकळ पण मनानं निवांत. त्यानं बटण दाबायचं, तंबाखू काढायची, चुना लावून मळायची, गालात सोडायची, मग पडदा हलायचा. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती बाहेरच्या ड्रायव्हरांची, आणि त्यांची भाषा इथं लिहिण्यासारखी नाही.

आता मोडेम साहेबांच्या खोलीत, काटा फाटकाजवळ. दोघांचा संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. माझ्याकडं सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. मी हुकूम सोडला, "सर्व्हर रोज सकाळी बंद करून परत चालू करायचा. ताजा राहतो." मशीन ताजं राहतं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

आणि मग कारखान्यात एक वदंता उठली. सकाळी काटा रडतो, पण एमडी साहेब येऊन खुर्चीत बसले की थोड्या वेळात तो पळायला लागतो आणि दिवसभर पळतो. साहेब ज्या दिवशी येत नाहीत, त्या दिवशी दिवसभर रडतो. ड्रायव्हर लोक फाटकावरच विचारायचे, "सायेब आल्यात का?" आल्यात म्हटलं की रांगेत शिरायचे, नाही म्हटलं की झाडाखाली पटका अंथरून आडवे व्हायचे.

"कम्प्युटर बी सायबाला भितोय बघा," कारकून म्हणाला.

मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर चहाचा कप खाली ठेवला आणि यंत्राला भावना नसतात या विषयावर भाषण दिलं. अंधश्रद्धा हा शब्दही वापरला. लोक ऐकत होते. मला वाटलं, पटलं. नंतर कळलं, ते साहेबांची गाडी आली का ते बघत होते.

रांग रस्त्यापर्यंत गेली त्या दिवशी सकाळी कारकुनाचा क्लासवर फोन आला.

"सर, सायेब मुंबैला गेल्यात. काटा बसलाय."

"साहेबांचा काय संबंध?"

"ते आमाला काय ठावं? पर बसलाय."

मी स्कूटर काढली. कारखान्याच्या बऱ्याच अलीकडं ट्रॅक्टर दिसायला लागले. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, उसाचे शेंडे बाहेर लोंबतायत, एसटी अडकलेली, एसटीतली माणसं उतरून ऊस मोडून खातायत. अर्ध्या रांगेनं मला ओळखलं. मी हेल्मेट घालायची सवय त्या दिवसापासून लावून घ्यायला हवी होती.

फाटकाच्या जरा आत एका ट्रॅक्टरवर मामा बसला होता. अंगात मळकी बंडी, डोक्याला टॉवेल.

"मामा, तुम्ही स्वतः? ड्रायव्हर कुठाय?"

"ताप आलाय त्येला. आन ऊस तोडनाऱ्या टोळीनं काल अचानक तोड दिली. तोडल्याला ऊस काय फडात ठिऊन पूजा करू?" मग त्यानं आवाज खाली आणला. "आरं, आज दुपारी पावणं येनार हाईत. नेसरीचं. तुझ्या बहिणीला बघाय. तुला मामीनं सांगितलं न्हाय?"

सांगितलं होतं. मी विसरलो होतो. मामाची थोरली म्हणजे माझी मामेबहीण. तिला पसंत पडेल असं स्थळ मिळत नव्हतं. येईल त्याला ती नाक मुरडायची. हा मुलगा शाळेत मास्तर होता, कुणाच्या तरी लग्नात तिनं त्याला पाहिला होता, आणि घरात पहिल्यांदाच तिनं "बघू" म्हटलं होतं. तिचं "बघू" म्हणजे दुसऱ्याचं "होय". मामीनं चार दिवसांपासून घर सारवायला, पुसायला काढलं होतं.

"मग तुम्ही जा की घरी," मी म्हणालो.

"जातो. ट्रॅक्टर तू चालीव. येतोय?"

"नाही."

"मग कशाला बोलतोस? रांगंत सोडून गेलो तर मागचं मला उसागत सोलतील." त्यानं रांगेकडं बघितलं. "पावणं आल्यावर बाप घरात न्हाय म्हटल्यावर काय म्हनतील? पोरगी खपवाय बसल्यात आन बाप पळालाय? एकांदा मानूस चहा बी न घेता उठतोय."

तोपर्यंत ते मला कम्प्युटरचं काम वाटत होतं.

ऑफिसात जाऊन सर्व्हरसमोर बसलो. सभासदाचा नंबर टाकला, नाव लगेच आलं. वजन टाकलं, लगेच लिहिलं गेलं. चिठ्ठी काढली, टरटर छापून आली. सगळं कसं झकास. मी जाऊन काट्यावरच्या कारकुनाला हाताला धरून आणलं. मामाही ट्रॅक्टरची चावी काढून मागोमाग आला, कारण रांग हलणार नव्हतीच.

"बघा," मी म्हणालो. "इथं बघा. आहे का कुठं अडकत? सर्व्हर एकदम फास्ट आहे. दोष तुमच्या काट्याच्या मशीनमध्ये आहे."

कारकुनानं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मग हितंच आणा की ट्रॅक्टर."

मामा हसला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता.

मी माझं औषध काढलं. सर्व्हर बंद केला, चालू केला. कारकून काट्यावर जाऊन आला आणि दारातूनच मान हलवली. तसंच. मी वायरी हलवून बघितल्या, उंदरानं कुरतडली म्हणून टेबलाखाली शिरलो, धूळ खाऊन बाहेर आलो. मामा टॉवेल खांद्यावर टाकून स्टुलावर बसून चावी या हातातून त्या हातात करत होता.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. डेटाबेसला विचारलं, बाबा, या घडीला तुझ्याकडं कोण-कोण आलंय? त्यानं पडद्यावर दाखवलं. काट्यावरची मशीनं आलेली होती, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं एकच शेरा होता: ओळख पटलेली नाही. आत कुणीच काम करत नव्हतं. सगळे दारातच उभे होते.

मी बराच वेळ त्या शेऱ्याकडं बघत राहिलो. मग हळूहळू उजेड पडला.

आपल्याकडं पावण्याला पाण्याचा तांब्या देण्याआधी "कुठलं म्हणायचं?" असं विचारतात, तसा तो डेटाबेस होता. जोडणी मागायला आलेल्या मशीनचा त्याला नुसता आकड्यांचा पत्ता दिसायचा. तेवढ्यावर त्याचं भागत नसे. या पत्त्याचं नाव काय, हे विचारल्याशिवाय तो आत घेत नसे. मोडेमच्या आधी विचारायला कुणी नव्हतंच, म्हणून तो लगेच नाद सोडून द्यायचा. मग मी त्याला बाहेरच्या मशीनचा पत्ता देऊन ठेवला. आता तो इमानानं बाहेर विचारायला जायचा, टेलिफोनची लाईन बंद, तर उत्तराची वाट बघत उंबऱ्यात उभा राहायचा. कंटाळला की नाव न कळताच आत सोडायचा. एका ट्रॅक्टरला चार वेळा, कारण माझा प्रोग्राम चार वेळा दार वाजवायचा. आणि मी सर्व्हरवरच बसून बघत होतो तेव्हा मी घरचाच माणूस. घरच्याला कोण विचारतंय कुठलं म्हणून?

साहेब खुर्चीत बसून मेल बघायचे तेव्हा लाईन चालू व्हायची. बाहेरचं मशीन चटकन सांगायचं, असल्या पत्त्याचं कुठलं नाव आमच्याकडं नाही. झालं, डेटाबेस समाधानी. ते तो दिवसभर लक्षातही ठेवायचा आणि परत विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हुकमानं त्याला बंद करून चालू करायचे, आणि तो सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागायचा. म्हणजे कँटीनमधल्या लोकांचं सगळं बरोबर होतं. काटा खरंच साहेब आल्यावर पळत होता. चूक होतं ते फक्त माझं भाषण.

यातला कळस तर पुढंच आहे. कुठल्याही मशीनवरून येणाऱ्याला आत घे, अशी सरसकट परवानगी मीच देऊन ठेवली होती. नाव कळलं काय, न कळलं काय, दार उघडायचंच होतं. तरी एवढी चौकशी.

सेटिंगच्या फाईलमध्ये मी एक ओळ लिहिली: नावं विचारू नकोस. सर्व्हर बंद केला, चालू केला, आणि काट्याकडं पळालो. कारकून खुर्चीत बसला. बटण दाबलं आणि सवयीनं तंबाखूची डबी काढली. झाकण उघडेपर्यंत चिठ्ठी छापून बाहेर आली. तो डबीकडं बघतो, चिठ्ठीकडं बघतो.

"आता मळायची कवा?" तो म्हणाला, आणि डबी परत खिशात ठेवली.

मग ट्रॅक्टर असे सरकायला लागले की झाडाखाली पटके अंथरून झोपलेल्यांची धावपळ उडाली. "सायेब आलं! सायेब आलं!" असा गलका झाला. मी कुणाला काही सांगितलं नाही. मामाचं भरलेलं वजन झालं, गव्हाणीत ऊस पडला, रिकामं वजन झालं. मामा म्हणाला, "बस मडगार्डवर. मामीला तोंड दाखीव आन काय झालं ते तूच सांग." स्कूटर तिथंच ठेवून मी बसलो.

बाहेर रस्ता अजून मोकळा झाला नव्हता. रिकामे ट्रॅक्टर बाहेर, भरलेले आत, मधे बैलगाड्या. मामानं कडेच्या रानातनं वाट काढली. रस्त्यावर एक जीप दोन ट्रॉल्यांच्या मधे अडकून पडली होती. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढच्या सीटवरचे गांधी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ अर्धे बाहेर वाकून ओरडले, "वो पावणं! फुडं झालंय तरी काय?"

"काट्याचा कम्प्युटर बंद पडलावता!" मामानं ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. "सुटंल आता!"

"कवाधरनं हितं वाळत पडलोय! कुनी बसवलाय त्यो?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. मी उसाच्या फडाकडं पाहिलं. मामानं गिअर टाकला.

घरी पोचलो तर मामी दारातच. "आलासा? आवो, पावणं अजून न्हाईत आलं बघा, नशीब!" मामानं हातपाय धुतले, धोतर-सदरा घातला, कपाळाला बुक्का लावला, आणि बैठकीत अशा रुबाबात बसला, जणू सकाळपासून तिथंच बसलाय. तेवढ्यात अंगणात जीप थांबली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. पुढच्या सीटवरून गांधी टोपी उतरली.

राम राम झाले. मुलगा शांत होता, चष्म्याचा. टोपीवाले त्याचे चुलते, सगळी बोलणी त्यांच्याच हातात. ते पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "माफी असावी, येळ झाला. तुमच्या हितल्या कारखान्याम्होरं आडकून पडलतो. कसला कम्प्युटर बशिवलाय म्हनं." मग डोळे बारीक करून मामाकडं बघितलं. "तुमाला कुठंतरी बघितलंय मी."

"मगाशी," मामा म्हणाला. "ट्रॅक्टरवर."

"व्हय की!" ते मांडीवर थाप मारून हसले. मामाही हसला. माझ्या जिवात जीव आला. मामीनं माझ्या हातात पोह्यांचं ताट दिलं आणि मला बाहेर ढकललं.

बहीण चहा घेऊन आली. तिला एक-दोन प्रश्न झाले. मुलाला विचारलं, काही विचारायचंय का, तर तो "नाही" म्हणाला आणि लाल झाला. ती आत जाताना उंबऱ्याशी किंचित थांबली. मामीला तेवढं पुरलं. तिनं आतून मामाला डोळ्यानं खूण केली. मामानं आता चुलत्यांकडं पाहिलं. सगळे चुलत्यांकडं पाहत होते. ते पोहे खात होते, सावकाश.

मी त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढायला वाकलो. त्यांनी मान वर केली.

"मडगार्डवर तुमीच न्हवं?"

"हो."

"काय शिक्षन?"

"बी. एस्सी. कम्प्युटरचा क्लास आहे माझा, कोल्हापुरात."

"मग त्यो कम्प्युटर कुनी बसवला ते तुमाला ठावं असंल."

मी मामाकडं बघितलं. या माणसानं माझ्यासाठी एकदा साहेबांसमोर शब्द टाकला होता. आता एका शब्दानं त्याच्या मुलीचं जमणार तरी होतं किंवा मोडणार तरी. खोटं बोलता आलं असतं. मामानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"ठावं काय, पावणं," तो म्हणाला, "ह्योच त्यो."

चुलत्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत बघावं तसं बघितलं, मला टोपी नव्हती तरी. ताटली खाली ठेवली. चहाचा शेवटचा घोट घेतला.

"पोरगी पसंत हाय आमाला," ते मामाला म्हणाले. "फकस्त लग्नात ह्येला कुठल्या कामाला लावू नगासा."